केळीच्या धाग्याची भिंत

"अगं, चांगल्या पिठाची खळ करून भिंतीला लावतेस? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" सासू चुलीपाशी येऊन कडाडली.

"आत्याबाई, खाण काय आपल्या सांगण्यानं थांबणार आहे? मग भिंतच जाड करते."

नवरा त्याच खाणीत कामाला होता. डोक्यात दगड बसला, जीव वाचला, पण तेव्हापासून त्याला अधूनमधून झटके यायचे आणि आवाज सोसेना. घरामागं खडी फोडायचं यंत्र खडखडायला लागलं, की एवढा धिप्पाड गडी उशीत तोंड खुपसून रडायचा.

ती केळीचे बुंधे सोलून धागा काढायच्या कामाला जायची. धाग्याचे ढीग रचलेल्या खोलीत स्वतःचं बोलणंही दबकं येतं, हे तिच्या ध्यानात आलं होतं. टाकाऊ धागा तिनं डोक्यावरून वाहून आणला. पिंजला, खळीत भिजवला, चौकटीत थापला. पहिल्या फळ्यांना बुरशी आली, त्या फेकल्या. पुन्हा थापल्या, उन्हात कडकडीत वाळवल्या. शेवटी सासूनंच पदर खोचला. "सरक तिकडं! बघवत नाही तुझं थापणं."

चारी भिंती, दारसुद्धा मढवून झालं. नवरा आत जाऊन कान देऊन उभा राहिला.

"यंत्र बंद पडलं का गं?"

"चालूच आहे की!"

तो हसला. किती दिवसांनी हसला! मग गाढ झोपायला लागला. अंगावर मांस चढलं.

एका दुपारी तो झोपल्यावर तिनं दार लोटलं आणि अंगणात धागा विंचरत बसली. चहा घेऊन आत गेली, तर तो भिंतीच्या बुडाशी वाकडा होऊन पडलेला. अंग गार. फळीवर ओरखडे, नखांत धागे.

"आत्याबाई, हाक मारली असेल हो त्यांनी... मी इथंच होते. दाराबाहेरच होते..."

सासू खाली बसली. लेकाचा हात मांडीवर घेऊन तिनं पदराच्या टोकानं एकेक नख साफ केलं. ओरखड्यांवर त्याचा सदरा टांगला. मग म्हणाली, "झोपेतच गेला. कुणी विचारलं तर असंच सांगायचं."

"पण आत्याबाई..."

"मी आई आहे त्याची. मी सांगते तसंच सांगायचं."

शेजारीण धावत आली. दारात थबकली, डोळ्याला पदर लावून म्हणाली, "किती शांत आहे गं इथं. सुखानं गेला बघ."

सासूनं सुनेचा हात घट्ट दाबून धरला. सुनेनं मान हलवली.