हौदातली माती

मित्रांनो, मी एक जुनी माती आहे. भिवंडीत कामतघरच्या बाजूला विद्यापीठाची ललित कला शाळा आहे. तिथल्या शिल्पकलेच्या वर्गात, एका हौदात माझं सारं आयुष्य गेलं.

शाळा निघाली तेव्हा हौद रिकामा होता. पहिले शिक्षक केसरीनाथ सर मुलांना म्हणाले, "आपापल्या गावची मूठभर माती आणा." कुणी खाडीकाठची आणली, कुणी शेतातली. पुढे प्रत्येक नव्या मुलाने मूठ टाकायचा रिवाजच पडला. मुलं माझ्यातून चेहरे घडवत, प्लास्टरमध्ये त्यांचा साचा काढत आणि मला मोडून पुन्हा हौदात टाकत. मी किती जणांची आई झाले, किती जणांचा देव! अंगावर कायम ओलं गोणपाट असे. फार लाड झाले माझे.

मग सर निवृत्त झाले, मुलं रोडावली. गोणपाट वाळलं तरी कुणी बघेना.

शेवटची मूठ जवळच्या वडपे गावच्या रीमाची. तिच्या शेतावर आता गोदाम आहे. पाया खणायच्या आधी तिने ती उचलली होती. माझ्यातून तिने आपल्या वारलेल्या आजीचा, राहीबाईचा चेहरा घडवला. अगदी हुबेहूब! साचा काढायचा तेवढा राहिला, आणि वर्ग बंद झाला. दाराला कुलूप लागलं.

रीमा रोज खिडकीशी येई. "वॉचमन काका, पाणी तरी मारू द्या. आजी सुकतेय माझी!"

"मेरे हाथ में कुछ नहीं, बेटी," तो मान खाली घालून म्हणे.

आत मी तडकत होते. आधी कपाळ, मग ओठ. घोटभर पाण्यासाठी जीव कासावीस झाला होता.

आज कुलूप उघडलं, पण वर्ग रिकामा करायला. मजुरांनी जुने प्लास्टरचे पुतळे फोडून चुरा हौदातच ओतला. त्यांना काय ठाऊक, प्लास्टर मिसळलं की मातीतून पुन्हा काही घडत नाही! सगळी गावं तिथेच संपली.

रीमा धावत आली तेव्हा फक्त आजीचा चेहरा उरला होता, तोही भेगाळलेला. त्याचा साचा निघणार नव्हता. माती तरी वाचवायची तर तो मोडून भिजत घालायला हवा होता.

"आजे, माफ कर गं. दुसरा इलाज न्हाय," म्हणत तिने नाक मोडलं, गाल मोडले, सगळं बादलीतल्या पाण्यात सोडलं. ती हमसून रडत होती, पण हात थांबले नाहीत.

आता मी एवढीच उरले आहे, एक बादली. मित्रांनो, हौद नसला तरी चालेल, पण मला सुकू देऊ नका. रीमाला आजी पुन्हा घडवायची आहे.