बांगडीला हात लावायचा नाही

चिखलीहून येणारी एसटी ज्या फाट्यावर थांबते, तिथं राजकुमारचा बॅनर लागला आणि तो नेमका त्याच्या आईच्याच नजरेस पडला. झुंबरबाई गिरणीतून दळण घेऊन येत होती. वर बघते तर पोरगा वर्दीत हसतोय, भोवती फुलांची महिरप, वर ठळक अक्षरांत 'वीर जवानास भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली हात जोडून उभी गावातली सगळी रिकामटेकडी थोबाडं. त्यात सगळ्यात मोठं थोबाड प्रज्वलचं. हा प्रज्वल म्हणजे पुढाऱ्यांच्या गाडीमागं धावणारं कार्टं. गावात कुणाच्या बैलाचा वाढदिवस असला, तरी ह्याचा बॅनर आधी लागायचा.

झुंबरबाईनं दळणाचा डबा खाली ठेवला, खांबाला धरून उभी राहिली आणि मग तिचा असा काही संताप झाला की रडायचं राहूनच गेलं.

"प्रज्वल्या, इकडं ये बे."

प्रज्वल पानटपरीवरून मान खाली घालून आला. "काकू, मन घट्ट करा."

"कोणं सांगतलं तुले?"

"काल टीव्हीवर पट्टी आली. आपल्या जिल्ह्यातला जवान गेला, गोळाबारात."

"नाव आलं माह्या पोराचं?"

"नाव नाई आलं. पण आपल्याकडचा दुसरा कोण हाये तिकडं?"

"नाव येण्याच्या आंधी तूच मारला का बे त्याले?"

झुंबरबाईनं टपरीवाल्याकडून सुरी घेतली, बॅनरच्या दोऱ्या कापल्या, गुंडाळी करून काखेत मारली आणि घरी आल्यावर गोठ्यामागच्या कुटाराच्या ढिगावर अंथरून चारी बाजूंनी दगड ठेवले. राजकुमारचा चेहरा आभाळाकडे. पोरानं स्वतःच्या ढोरांचा चारा राखावा, त्यात वाईट ते काय?

हे झालं बाहेरचं. आत मात्र तिच्या काळजाचं पाणी पाणी झालं होतं. सीमेवर गोळे पडायला लागल्यापासून राजकुमारचा फोन कधीमधीच यायचा. चौकीवर मोबाइल चालत नसे. मागच्या तळावर आला की तिथून बोलायचा. "माय, डोकं वर काढलं का गोळी अन् खाली घातलं का उंदीर," असं म्हणून हसायचा. खंदकात त्याच्यासोबत मोताळ्याकडचा हरिओम होता. गेल्या दिवाळीत तो ह्या घरी येऊन रोडगे-वांग्याच्या भाजीवर आडवा हात मारून गेला होता. झुंबरबाईनं बरणी भरून दिलेली जवसाची चटणी दोघं पुरवून पुरवून खात होते. गोळाबार थांबला की आधी बरणी फुटली का ते बघायचे, म्हणे. गेल्या फोनवर राजकुमारनं सांगितलं होतं, "वरून हुकूम आला तरच हालू. पलीकडच्याईच्या भेवानं नाई."

दुपारपर्यंत अंगण बायांनी भरलं. सून सुचिता भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही हात पदराखाली. राजकुमारचा चुलता हिंमतराव पारावरच्या चार म्हाताऱ्यांना घेऊन आला आणि ओट्यावर टेकला.

"वैनी, बॅनर काढल्यानं नशीब काई बदलत नाई. बातमी आली का रीत करा लागते. बायाईले सांगून ठेवलं म्या."

कसली रीत ते झुंबरबाईला कुणी सांगायला नको होतं. राजकुमार पाळण्यात असताना तिचा नवरा साप चावून गेला, तेव्हा ह्याच उंबऱ्यावर बायांनी तिचा हात आपटून बांगड्या फोडल्या होत्या. मनगटावरचा काचेचा वण अजून होता. तेव्हा ती एक अक्षर बोलली नव्हती, आणि त्याचा राग तिनं इतकी वर्षं जपून ठेवला होता.

तिनं पदर खोचला.

"भाऊजी, नीट आयका. राजकुमार जिता असंल तं ह्या बांगड्या त्याच्या नावाच्या हाये. नसंल तं सुचिताच्या हाये. तुमच्या त्या कधीच नवत्या. हात लावाचा नाई."

"लोक काय म्हणतीन?"

"लोकाईनं माह्या जित्या पोराले हार घातला. त्याईचं मले काय सांगता?"

सुचितानं पहिल्यांदा तोंड उघडलं. "आई, तेच नसले तं मी बांगड्या घालून काय करू?"

"भाकरी थाप," झुंबरबाई म्हणाली. "मी अख्खा जनम मुक्या हातानं थापल्या. तू वाजवत थाप."

एवढ्यात कोनाड्यातला फोन वाजला. नंबर अनोळखी होता. सुचिताचा हात पुढं होईना. शेवटी झुंबरबाईनंच उचलला.

"माय, मी हाये."

ती खालीच बसली. आनंदानं ऊर भरून आला तिचा, अगदी लाज वाटावी इतका. पण पलीकडून पोरगा सांगू लागला.

"माय, हरिओम गेला. पाणी संपलं होतं. मी म्हणलं, मी आणतो. तं म्हणे, तुह्या मायच्या चटणीनं तहान मले लागली, मीच जातो. डब्बा घेऊन निंघाला अन् गोळा पडला." मग तो म्हणाला, "आम्ही जागा सोडली नाई. सोडतही नाई. तू तेवढं रेणुकाले पाह्य."

रेणुका म्हणजे हरिओमची बायको. झुंबरबाईनं फोन सुनेच्या हातात दिला आणि आत जाऊन एकटीच रडली. आपलं वाचलं म्हणून की दुसरीचं गेलं म्हणून, ते तिचं तिलाही कळेना.

दुसऱ्या दिवशी सासू-सून मोताळ्याच्या एसटीत बसल्या. हरिओमच्या गावी माणूस मावत नव्हतं. बंदुकांची सलामी झाली, घोषणा झाल्या, गाड्या निघून गेल्या. मग मागच्या अंगणात बायांनी रेणुकाला घेरलं. हरिओमची आई खाटेवर सुन्न पडून होती. एका म्हातारीनं रेणुकाचं मनगट धरलं, दुसरीनं दगड घेतला.

झुंबरबाई गर्दीतून घुसली आणि आपलं वण असलेलं मनगट रेणुकाच्या मनगटावर आडवं ठेवलं.

"फोडाचं असंल तं आंधी हे फोडा."

"तुमी कोण हो बाई?" म्हातारी तडकली. "आमच्या घरात तुमचं काय काम?"

"तुमचा हरिओम ज्याच्या वाट्याचं पाणी आणाले गेला, त्याची माय हाये मी."

दगड धरलेला हात खाली आला. तरी मनगटावरची पकड सुटली नव्हती. रेणुकानं झुंबरबाईकडं पाहिलं, मागं उभ्या सुचिताकडं पाहिलं आणि हिसका देऊन आपला हात स्वतःच सोडवून घेतला.

"मले नाई फोडाच्या," ती म्हणाली.

खाटेवरून हरिओमची आई बसलेल्या आवाजात, पण स्पष्ट बोलली. "राहू द्या तिले."

रेणुका उठली. पाहुण्या लांबून उन्हातून आल्या होत्या. तिनं रांजणातून तांब्या भरला आणि झुंबरबाईच्या पुढं धरला. तिच्या हातातल्या बांगड्या त्या मुक्या अंगणात खणखण वाजल्या आणि झुंबरबाई तो तांब्या संपेपर्यंत पाणी प्याली.