नकली डांबऱ्या

मित्रांनो, मी एक म्हातारा कुत्रा आहे. अंगाने डांबरासारखा काळा, डावा कान तेवढा पांढरा. तुमच्यापैकी काहींनी मला चित्रात पाहिले असेल. मला दगड मारलेलेही काही जण तुमच्यात असतील. तरी माझी हकीकत ऐका.

तेलंगणातल्या आदिलाबादला लागून मावला हे गाव आहे. तिथे नागनाथ सरांच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत मी वाढलो. सरांची मुलगी भाग्यश्री चित्रे काढायची. तिचा धाकटा भाऊ हर्षदीप ती छापून विकायचा. दोघांनी चांगल्या नोकऱ्या सोडून मुलांसाठी चित्रकथांचे मासिक काढले होते. वर मराठी, खाली तेलुगू. पहिल्या अंकात राजपुत्र होता, दुसऱ्यात राक्षस. दोन्ही अंकांचे गठ्ठे खोलीत परत आले आणि मी त्यांच्यावर झोपू लागलो.

एके दुपारी भाग्यश्रीने मला तसेच झोपलेले पाहिले आणि पेन्सिल उचलली. त्या दिवशी ‘डांबऱ्या’ जन्माला आला. तो वाट चुकलेल्या मुलांना घरी पोचवायचा, चोरांना पकडायचा. अंक हातोहात खपू लागला. हर्षदीप मला शाळाशाळांतून नेऊ लागला. मुले माझा पंजा हातात घ्यायची. एका शाळेत मंजुषा बाईंनी माझ्या गळ्यात हार घातला होता. मी सोबत असलो की शाळा बोलवायच्या, आणि शाळांनी बोलावले तरच मासिक चालायचे. मित्रांनो, ते दिवस मी विसरलो नाही. तेव्हा मला पोटभर खायला मिळत होते.

मग मंचेरियलच्या एका शाळेत मुलांनी हट्ट धरला. नव्या अंकात डांबऱ्या छतावरून उडी मारतो, तशी मी मारून दाखवावी. हर्षदीपने मला सायकल स्टँडच्या पत्र्यावर चढवले. खाली उभा राहून तो म्हणाला, “ये डांबऱ्या, ये.”

तो बोलावत होता म्हणून मी उडी मारली.

टाळ्या खूप वाजल्या. त्या दिवशी सगळे अंक संपले. हर्षदीपने आधी टेबल आवरले, मग मला उचलले.

घरी भाग्यश्रीने माझा मागचा डावा पाय चाचपून पाहिला. “हर्षा, याले दवाखान्यात न्या लागते.”

“नेऊ ना, ताई. या आठवड्यात रोज शाळा ठरल्या हायेत.”

तो आठवडा गेला, पुढचाही गेला. हाड वाकडेच जुळले. भाग्यश्रीने एका पानावर लंगडणारा डांबऱ्या काढला. हर्षदीपने ते पान पाहिले.

“लंगड्याले कोन पाह्यते, ताई? काऊन आपलंच दुकान बंद करून राह्यली?”

तिने रबर घेतले आणि माझा पाय सरळ केला. कागदावर तो लगेच बरा झाला.

काही दिवसांनी हर्षदीप एक तरुण कुत्रा घेऊन आला. माझ्याइतकाच काळा, पण त्याचे दोन्ही कान काळे होते. भाग्यश्रीने पांढऱ्या रंगाची बाटली उघडली. मला तिने समोर बसवले होते. माझ्या कानाकडे बघत बघत तिने त्याचा कान रंगवला. मी हललो नाही. चित्रासाठी बसवले की हलायचे नाही, हे मला तिनेच शिकवले होते.

त्यानंतर एकदा हर्षदीपने मला व्हॅनमध्ये घेतले. पुन्हा शाळेत जायचे म्हणून मी शेपूट हलवत बसलो. बेल्लमपल्लीला खाण कामगारांच्या क्वार्टर्सजवळ त्याने मला उतरवले, पुढ्यात बिस्किटे टाकली आणि गाडी वळवली. मी लंगडत मागे धावलो. गाडी थांबली नाही.

तिथे शकुबाईची चहाची टपरी होती. तिने मला टोस्टचे तुकडे दिले, टपरीमागे पोत्यावर झोपू दिले. मी तिचा झालो.

बऱ्याच दिवसांनी जवळच्या शाळेतून हर्षदीपचा आवाज ऐकू आला. मी उठलो आणि फाटकातून थेट आत गेलो. टेबलावर तो रंगवलेला कुत्रा बसला होता. शेजारी भाग्यश्री अंकांवर सह्या करत होती. मुले एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहू लागली. एकसारखे दोन डांबऱ्या.

“हा नकली हाय,” हर्षदीप म्हणाला. “ताई, सांग यायले.”

भाग्यश्रीने माझ्याकडे पाहिले. मी शेपूट हलवली. तिच्या हातातला पेन थांबला होता.

“आमचा नाही हा,” ती म्हणाली.

शिपायाने मला काठीने बाहेर काढले. मागे एक मुलगी विचारत होती, “नकली डांबऱ्याची गोष्ट कधी येणार?”

ती पुढच्याच अंकात आली. त्यात एक लंगडा, पांढऱ्या कानाचा कुत्रा डांबऱ्याचे नाव सांगून घरात शिरतो आणि लहान मुलांना चावतो. शेवटी गाव त्याला दगडांनी हाकलते. यावेळी भाग्यश्रीने पाय हुबेहूब काढला होता. मासिकाचा इतका खपलेला अंक दुसरा नाही. तो पुन्हा छापावा लागला. शकुबाईच्या टपरीवरही तो दोरीला लटकू लागला.

एका मुलाने तिथेच उभे राहून अंक माझ्याशेजारी धरला, पान पाहिले, मला पाहिले आणि खाली वाकून दगड उचलला. मग रोजच दगड येऊ लागले. शकुबाईचे ग्लास फुटले.

“जाय बाबा,” ती म्हणाली. “तुह्यापायी गिऱ्हाईक येऊन नाही राह्यलं.” मी बसून राहिलो, तेव्हा तिने माझ्या अंगावर गरम पाणी फेकले.

आता मी रुळांपलीकडे राहतो. मासिक छान चालले आहे असे ऐकतो. मित्रांनो, ते वाचत राहा. चित्रे खरेच सुंदर असतात. माझी एवढीच विनंती आहे. मी दिसलो आणि दगड मारायचाच असेल, तर मागच्या डाव्या पायावर मारू नका. त्या पायाने मला आधीच पळता येत नाही.