सात नंबरच्या मेंढ्या

डोंगर खाली येतो, वर चढत नाही. एवढं कळायला शाळेतही जावं लागत नाही. टोरगेइरला ते नऊ वर्षं कळलं नव्हतं, आणि त्याच न कळण्यावर त्याला प्राध्यापकी मिळाली होती.

तो ओस्लोत बसायचा आणि आमचा स्कोरा डोंगर पडद्यावर बघायचा. फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या, अलीकडच्या काठाला माझी रडारची खोली आहे. तिथून समोरच्या स्कोरावर रडारच्या लहरी जातात. डोंगरावर अकरा ठिकाणी आम्ही तीन-तीन पत्रे जोडून केलेले कोपरे बसवलेत. लहर कोपऱ्यात शिरते आणि आली तशी माघारी फिरते. कोपरा अर्धा मिलिमीटर पुढे आला तरी खोलीतला आकडा बदलतो. स्कोराच्या पायथ्याशी सात घरं आहेत. त्यांतलं नेदस्तो हे माझ्या भावाचं, एइलिफचं. मी तिथेच जन्मले. डोंगर कोसळायच्या आधी त्या सात घरांना कळावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

कोपऱ्यातला बर्फ उकरणं, घरटी काढणं, बोल्ट आवळणं ही कामं माझी. बावीस वर्षं मी ती केली. टोरगेइर एकदाच आला होता. नवे कोरे बूट घालून फेरीबोटीतून उतरला, धक्क्यावरून डोंगराकडे बघितलं, "भारी आहे" म्हणाला, फोटो काढला, आणि पाऊस आला म्हणून त्याच फेरीने परत गेला. पाना आणि चमचा यांत फरक असतो हे त्याला घरी कुणी सांगितलं नसावं.

त्याची सगळी मिजास सात नंबरच्या कोपऱ्यावर उभी होती. सात नंबर एका प्रचंड सुट्या खडकावर आहे. त्या खडकाच्या मागे फट आहे. दर वर्षी जूनमध्ये सात नंबर हळूहळू पुढे सरकायला लागायचा, सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बारा मिलिमीटर यायचा, आणि मग एका दिवसात पुन्हा शून्यावर. टोरगेइरने याला नाव दिलं होतं, 'डोंगराचा श्वास'. उन्हाळ्यात बर्फाचं पाणी फटीत साठतं, खडक पुढे ढकलला जातो, पाणी ओसरलं की मागे बसतो, असं त्याचं म्हणणं. यावर त्याने व्याख्यानं दिली, परदेशातल्या लोकांनी माना डोलावल्या. एका दिवसात! सप्टेंबरात पाठीला पिशवी लावून डोंगर एका दुपारी आपल्या जागी चढून बसतो, आणि तेही मी वर गेलेली असते बरोबर त्याच दिवशी. याचं त्या विद्वानांपैकी एकालाही नवल वाटलं नाही.

जूनमध्ये आमच्याकडे मेंढ्या डोंगरावर सोडतात. सप्टेंबरात खाली आणतात. सात नंबरचा पत्रा मेंढीच्या ढुंगणाच्या बरोबर उंचीचा आहे. पुढचं सांगायला हवं का?

मी ते सांगितलं नव्हतं असं नाही. दर सप्टेंबरात नोंदवहीत लिहायचे: "सात नंबर. मेंढ्या. मागे सरकवला, बोल्ट आवळले, आकडा शून्यावर." नोंदवहीची पानं मी ओस्लोला पाठवायचे. ती कुणी उघडून वाचत नाही हे मला पहिल्या दोन वर्षांतच कळलं. मग मी फोन का नाही केला? कारण मजा येत होती. खरं तेच सांगते. हिवाळ्यात इथे करमणूक कमी असते, आणि एवढा शिकलेला माणूस मेंढीच्या खाजेवर भाषणं ठोकतोय हे बघण्यासारखं सुख नव्हतं.

मग मे महिन्यात तो दुसऱ्यांदा आला. या वेळी सोबत सरकारी माणूस आणि नकाशा. गावच्या सभागृहात सगळे जमले. बायकांनी वॉफल केले होते, वर तपकिरी चीज. टोरगेइरने पडद्यावर त्याची लाडकी रेघ दाखवली.

"एखाद्या वर्षी हा श्वास परत आत जाणार नाही," तो म्हणाला. "मग तुमच्याकडे फार वेळ नसेल. सातही घरं हिवाळ्याआधी रिकामी करावी लागतील. कायमची."

नकाशावर नेदस्तो लाल रंगात होतं. एइलिफ माझ्या शेजारी बसला होता. साठीचा माणूस, बायको गेल्यापासून मेंढ्यांशीच बोलतो. त्याच्या हातातला वॉफल तसाच राहिला.

"गुनवोर," तो हळूच म्हणाला, "मी कुठं जाऊ?"

हे ऐकलं आणि मी उठले. आदल्या ऑगस्टमध्ये, म्हटलं पुरावा असावा, म्हणून मी सात नंबरसमोर शिकारी लोक हरणांसाठी लावतात तसला कॅमेरा बांधला होता. त्यातले फोटो खिशातल्या फोनमध्ये होते. मी पडद्याच्या यंत्रातून टोरगेइरची तार काढली आणि माझा फोन जोडला.

पडद्यावर मेंढी आली. कानातला बिल्ला चव्वेचाळीस-सतरा. मागचा भाग सात नंबरला टेकवलेला, डोळे अर्धे मिटलेले, चेहऱ्यावर परम समाधान.

"हा तुझा डोंगराचा श्वास," मी म्हटलं. इथे राजा सोडला तर आम्ही सगळ्यांना तूच म्हणतो, पण त्या दिवशीचं माझं 'तुझा' वेगळं होतं. "तिला खाज सुटते, आणि तुला भाषण सुटतं."

सभागृह हशाने फुटलं. म्हाताऱ्या बायका डोळे पुसत होत्या. सरकारी माणसाने नकाशाची गुंडाळी केली. मी फोटोमागून फोटो दाखवत गेले, थांबवलंच नाही. टोरगेइरचे कान लालभडक झाले. एकटा एइलिफ हसत नव्हता. तो माझा हात धरून बसला होता, आणि त्याला रडू येत होतं.

टोरगेइर जाताना दारात थांबला. "हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"लिहिलं होतं. बावीस वेळा. वाचायचं असतं रे, प्राध्यापका."

आदेश मागे घेतला गेला. सात नंबर सदोष ठरवून यादीतून काढला. उन्हाळाभर मी जिकडे जाईन तिकडे लोक मला बघून पार्श्वभाग खांबाला घासून दाखवायचे. मला ते आवडत होतं. सप्टेंबरच्या बारा तारखेला मेंढ्या खाली आल्या. सात नंबर सरळ करायला मी या वर्षी गेलेच नाही. यादीतून काढलेल्या पत्र्यासाठी गुडघे कोण झिजवणार?

नोव्हेंबरात एक कोरडा दिवस मिळाला, तेव्हा तो खाली काढून आणायचं ठरवलं. निघण्याआधी सवयीने खोलीतल्या यंत्रात त्याचा आकडा बघितला. यादीतून काढला तरी रडारला ते कुठे माहीत असतं? ते मोजतच होतं.

बारा सप्टेंबरला रेघ थांबायला हवी होती. ती थांबली नव्हती. शेवटच्या नऊ दिवसांत चार मिलिमीटर. त्या नऊ दिवसांत स्कोरावर एकही मेंढी नव्हती.

मी वर गेले तेव्हा पाय भराभर चालत होते आणि डोकं सबबी शोधत होतं. बर्फ असेल, हरीण असेल, बोल्ट ढिला झाला असेल. बोल्ट घट्ट होते.

सात नंबर एका लोखंडी पट्टीवर बसवलेला आहे. पट्टी खडकात पक्की, आणि पत्रा त्या पट्टीवर मागेपुढे सरकवता येतो. पहिल्या दिवशी मी जिथे तो बसवला, तिथे पट्टीवर लाल रंगाची खूण केली होती. ती खूण मी कित्येक वर्षांत बघितली नव्हती. बघायची गरज काय होती? मी फोनवर आकडा बघायचे. आकडा शून्यावर येईपर्यंत पत्रा मागे ढकलायचा आणि आवळायचा, झालं काम.

मेंढ्यांनी पुढे ढकलला आणि मी तेवढाच मागे घेतला, तर बावीस वर्षांनी पत्रा खुणेच्या आसपासच असायला हवा होता. तो खुणेच्या नऊ सेंटिमीटर मागे होता. पट्टीचं मागचं टोक संपलं होतं.

मी तिथे खाली बसले. नऊ सेंटिमीटर बावीस वर्षांवर वाटले की वर्षाला चार मिलिमीटर येतात. म्हणजे बारा मिलिमीटरांतले आठ मेंढ्यांचे होते. उरलेले चार डोंगराचे. दर वर्षी चार. आणि दर वर्षी सप्टेंबरात मी वर येऊन, पान्याने, ते पुसून टाकले होते. डोंगर वर चढत नाही म्हणून मी ज्याला हसत होते, त्याच्या रेघेत डोंगराला वर चढवणारी मीच होते. खडकामागच्या फटीत पूर्वी माझी बोटं जायची. आता अख्खी मूठ गेली.

खाली नेदस्तोच्या धुराड्यातून धूर निघत होता.

मी तिथूनच टोरगेइरला फोन लावला. वाटलं, उचलणार नाही. उचलला.

"सात नंबर सरकतोय," मी म्हटलं.

तो म्हणाला, "मेंढ्या असतील." त्याचा तो हक्क होता.

"मेंढ्या सप्टेंबरातच खाली आल्या."

आता त्याचा आवाज बदलला. "गुनवोर, तू सप्टेंबरात तो किती मागे घ्यायचीस?"

हे मला बावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. "आकडा शून्यावर येईपर्यंत," मी म्हटलं.

मी वाट बघत होते. आता हसेल. मी असते तर हसले असते, चांगली मनसोक्त, आणि चार जणांना बोलावून सांगितलं असतं. त्याने फक्त विचारलं, "पट्टीवर खूण आहे का?"

"आहे. नऊ सेंटिमीटर."

त्याच्याकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "मे महिन्यानंतर तुझ्या सगळ्या वह्या मी वाचल्या," तो म्हणाला. "दर पानावर 'आकडा शून्यावर' असं होतं. मला खटकलं होतं. विचारणार होतो. पण पुन्हा तुझ्या तोंडी लागायची हिंमत झाली नाही."

मी पाना खिशात टाकला.

"मी आत्ता निघतो," तो म्हणाला. "सरकारी आदेश काढायला दोन दिवस जातील, तेवढी वाट बघू नका. उद्या दुपारी सगळ्यांना सभागृहात बोलाव. पण सांगायचं तूच. माझं तिथे कोण ऐकणार?"

दुसऱ्या दिवशी वॉफल नव्हते, पण सगळे आले. मी उभी राहिले. कुणीतरी मागून बारीक आवाजात 'बेंऽऽ' केलं आणि सभागृह खिदळलं. पुढच्या रांगेत एइलिफ होता. तो सगळ्यात मोठ्याने हसत होता, कारण त्याचं घर मीच वाचवलं होतं. टोरगेइर मागे भिंतीला टेकून उभा होता, चिखलाने भरलेल्या बुटांत. पहाटेच्या फेरीने येऊन तो एकटाच सात नंबरपर्यंत चढून आला होता.

"खडक सरकतोय," मी म्हटलं. लोक अजून हसू तोंडात धरून होते, पुढचा विनोद येईल म्हणून. "मेंढ्या होत्याच. पण नुसत्या मेंढ्या नव्हत्या. डोंगर दर वर्षी सरकत होता आणि दर वर्षी मी तो आकडा शून्यावर आणत होते. या माणसाला चूक कळली नाही, कारण ती मी करत होते. मला कळली नाही, कारण मी त्याला हसत होते. आजच बाहेर पडा. मेंढ्या घेऊन."

हसू एकदम थांबलं नाही. मागच्या रांगांत ते थोडा वेळ रेंगाळलं. एइलिफचं सगळ्यात आधी थांबलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मे महिन्यात माझा हात धरून बसला होता तसंच डोळ्यांत डोळे घालून, आणि मग नजर काढून घेतली. तो उठला, टोपी घातली, आणि मला ओलांडून मागे टोरगेइरकडे गेला.

"साठ मेंढ्या आहेत," तो त्याला म्हणाला. "ट्रेलरमध्ये चढवायला माणूस लागेल."

"येतो," टोरगेइर म्हणाला.

नेदस्तोच्या अंगणात ट्रेलर उभा होता. मीही गेले. कुणी बोलावलं नव्हतं. अर्ध्या मेंढ्या चढल्या आणि चढायच्या फळीचा बोल्ट निसटायला लागला. मी खिशातला पाना काढून पुढे झाले.

"तू हात लावू नकोस," एइलिफ म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. "त्याला दे."

मी पाना टोरगेइरला दिला. तो गुडघ्यावर बसला, बोल्टवर पाना अडकवला आणि जोर करून फिरवायला लागला. उलटा. फळी आणखी सुटत होती, आणि वर फोटोतली चव्वेचाळीस-सतरा उभी होती. माझ्या ओठांवर एक वाक्य आलं, अगदी झकास, सगळं अंगण हसलं असतं.

"उलटा फिरवतोयस," मी म्हटलं. "उजवीकडे."

त्याने वर बघितलं, मान हलवली आणि उजवीकडे फिरवला.