पाठीवरचे बारा टाके

किमोनो टेबलावर पसरून नंदाने आधी त्याचे फोटो काढले: पुढून, मागून, आतून. उइटहॉर्न या डच गावातल्या घरात पुढच्या खोलीत ती कपडे दुरुस्त करायची आणि फोटो काढल्याशिवाय सुई हातात घ्यायची नाही. एका बाईने जुनाच डाग तिच्या माथी मारला होता, तेव्हापासून ती ताकही फुंकून प्यायची. कापलेले दोरेसुद्धा पाकिटात घालून वर गिऱ्हाइकाचं नाव लिहायची. शिवणकाम करतेस की पंचनामा, असं तिचा नवरा यतीन विचारायचा.

किमोनो शेजारच्या आम्स्टलवेनमधल्या जपानी आयाकोच्या तान्ह्या मुलीचा, पहिल्यांदा देवाला नेताना घालायचा. अस्तर उसवलं होतं, तेवढंच शिवायचं. करोनामुळे आयाको दारात जमिनीवर लावलेल्या चिकटपट्टीपलीकडूनच बोलली. मास्कवरचे नुसते डोळे दिसले आणि नुसत्या डोळ्यांवर नंदाचा काडीचा विश्वास नव्हता.

त्यात कपडाही संशय यावा असाच. बाकी काम इतकं देखणं, की नंदाने त्यावरून दोनदा हात फिरवला. आणि पाठीवर, जिथे शिवणच नव्हती, तिथे लाल दोऱ्याचे बारा वेडेवाकडे टाके, खाली वीतभर दोरा लोंबता. उद्या हे आपल्याच नावावर खपवेल ही बाई! नंदाने टाके कापून काढले आणि दोरा पाकिटात टाकला.

शनिवारी आयाको आली. अस्तर तिने पाहिलंच नाही, आधी पाठ पाहिली. तिची बोटं तिथेच फिरत राहिली. आली भांडायला, नंदाने ओळखलं. ‘असाच आला होता, टाके नव्हतेच’ हे नंदाच्या ओठांवर होतं. फोनमधले फोटो दुसरं कुणी बघणार नव्हतं. पण ते तिने स्वतः काढले होते.

“टाके मी काढले. कच्ची शिलाई राहिली असं वाटलं मला.”

आयाको भांडली नाही. तान्ह्याच्या कपड्याला पाठीत शिवण नसते, तिने सांगितलं. शिवण म्हणजे पाठीचा डोळा. तो नसला की वाईट काही मागून शिरतं, म्हणून हे टाके. मूल पडलंझडलं तर देव तो लोंबता दोरा धरून वर ओढतो.

म्हणजे तीटच की! नंदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्ता घालून देते, ती म्हणाली.

“आईने घातले होते. शेवटी हात थरथरायचा तिचा,” आयाको म्हणाली. “पार्सल पोचलं तेव्हा ती गेली होती. विमानं बंद, मला जाता आलं नाही.”

नंदाने तिला चिकटपट्टीच्या आत बोलावून खुर्ची दिली. पाकीट उघडलं. टाक्यांचे तुकडे झाले होते, वीतभर दोरा तेवढा अख्खा होता. मग फोटो समोर ठेवून तिने नव्या दोऱ्याने बारा टाके घातले, जन्मात पहिल्यांदा मुद्दाम वाकडे. शेवटच्या टाक्याला आईचा दोरा बांधला.

दोरा लोंबत राहिला. सवयीने नंदाचा हात कात्रीकडे गेला. तिने कात्री उचलली आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिली.