सुईणबाईंची मोटारसायकल

मित्रांनो, मी हट्टी आहे, हे आधीच कबूल करते. मी एक जुनी विलायती मोटारसायकल. माझं इंजिन एकाच सिलिंडरचं, पण त्याचा आवाज साऱ्या शेलार गावाच्या ओळखीचा. माझं धुराचं नळकांडं इतर गाड्यांसारखं खाली नाही, सीटच्या बाजूनं उंच जातं. चिखलपाण्यातून जाण्यासाठीच मला घडवलं होतं.

मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाकडून गावातल्या दाजींनी मला घेतलं, तेही दोन म्हशी विकून. "म्हशी दूध तरी देत व्हत्या!" म्हणत गाव हसला. पण दाजींची बायको तुळजाबाई सुईण होत्या. कुठे बाई अडली की त्यांना बोलावणं यायचं. पावसाळ्यात बांधांवरून बैलगाडी जायची नाही, मी जायचे. दाजी पुढे, मांडीवर पिशवी घेऊन तुळजाबाई मागे. माझ्या तापलेल्या नळकांड्यानं त्यांची दोन लुगडी जाळली, त्याची मला अजून लाज वाटते. पण मी वेळेवर पोहोचले नाही, असं कधी झालं नाही. दसऱ्याला बाळंतिणींच्या घरचे माझ्यासाठी झेंडूचे हार आणायचे. काय दिवस होते ते!

मग रस्ते झाले, दवाखाने झाले. शेजारच्या पूर्णा गावाच्या शेतांवर गोदामं उभी राहिली. दाजींना विस्मरण जडलं, घरातल्यांची नावंही त्यांना आठवेनात. मी पडवीत धूळ खात पडले. कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालू लागल्या. रागवणार तरी कोणावर?

२००७च्या दसऱ्याला त्यांचा मुलगा भावेश नवी चारचाकी आणणार होता. तिच्यासाठी पडवी मोकळी हवी, म्हणून त्यानं भंगारवाल्याला बोलावलं. तुळजाबाईंनी पदर खोचला.

"चालू झाली तर द्यायची न्हाय. कबूल?"

"कबूल," भावेश हसला.

त्यानं प्लग पुसला, ताजं पेट्रोल ओतलं आणि स्कूटरला मारावी तशी धडाधड किक मारली. मी अशी उलटी लाथ घातली की तो नडगी धरून खालीच बसला.

"आये, मेलेली हाय ही!"

भंगारवाल्यानं टेम्पोची फळी उघडली.

"मेलेली लाथ मारते व्हय?" तुळजाबाई जवळ आल्या. "आरं, वेन यायच्या आधी जोर लावायचा न्हाय." तीस वर्षं मागे बसून त्यांनी दाजींचा पाय पाहिला होता. "किक हळू दाब. घट्ट लागली? थांब आता. ती हँडलवरची बारकी पट्टी ओढ, आत कोंडलेली हवा सुटंल. जरा दाब, पट्टी सोड. आता लाव जोर!"

धड्... धड्... धडधडधड! कोंबड्या पळाल्या. भंगारवाल्यानं मुकाट्यानं फळी लावली.

आणि आतल्या खोलीतून, कित्येक महिन्यांनी, दाजींची हाक आली, "तुळजे, पिशवी घेतलीस का? कुनाकडं जायचंय?"

दाजींना नाव आठवलं होतं. तुळजाबाई माझ्या सीटवर डोकं टेकून रडल्या.

मित्रांनो, जुनं कुणी अडून बसलं, तर त्याला टाकायची घाई करू नका. ज्यानं त्याच्यासोबत दिवस काढले, त्याला आधी विचारा.

भावेशची चारचाकी आता अंगणात उन्हात उभी असते. रोज सकाळी तो मला एकदा चालू करतो. दाजी आतून विचारतात, "कुनाकडं?" आणि तुळजाबाई रोज एका वेगळ्या गावाचं नाव सांगतात.