अर्ध्या इंचाची सवय

"आधी चहात दोरे सापडायचे, आता भुसा," वहिनी कपाटाकडे तोंड करून पुटपुटली. पुटपुटली ती नणंदेला नेमकं ऐकू जाईल एवढ्याच बेतानं. ताईला ऐकू गेलंही, पण तीस वर्षं शिवणकाम केलेल्या बाईला निम्मं बोलणं ऐकू न येण्याचा सराव असतो.

भुसा मात्र खरा होता. कापड बेतायच्या जुन्या टेबलाची सागवानी फळी ताईनं करवतीनं कापली होती आणि आता ती कानशीनं घासत बसली होती. समोर तिचा धाकटा भाऊ, वहिनीचा नवरा, पेपर वाचत होता. पेपर उजव्या हातात. डावा हात मांडीवर, मुठीसारखा मिटलेला. सव्वा वर्षापूर्वी त्याला झटका आला. पाय सावरला, जीभ सावरली, खांदा नि कोपर हलायला लागलं. डाव्या हाताची बोटं तेवढी उघडायला तयार नव्हती. त्याआधी वीस वर्षं तो गिटार वाजवून पोट भरत होता. घरात या विषयावर एकच वाक्य चालायचं, "बोटं सुटली की मग बघू." वहिनी रोज तेल चोळताना म्हणायची, ताई कप उचलताना म्हणायची. तो काहीच म्हणायचा नाही, आणि दोघी त्याला होकार समजायच्या.

"हे नक्की काय होणार आहे?" त्यानं पेपराआडून विचारलं.

"शोभेची वस्तू. दुकानात ठेवायला."

खरी गोष्ट महिन्यापूर्वीची. शेजारच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे ताई इस्त्रीची वायर घेऊन गेली होती. तिथे जुनी तबकडी चालू होती आणि तिच्यातून एक सूर खालून वर असा निसरड्यावरून गेल्यासारखा जात होता.

"हे कोण एवढं कण्हतंय?"

"कण्हत नाही, गिटार आहे. मांडीवर आडवी ठेवून वाजवतात." त्यानं एक पिवळा पडलेला कॅटलॉग काढून चित्र दाखवलं. गोल खांद्यांची फळी, सहा तारा, रेडिओसारखी मलईच्या रंगाची बटणं. "तारा दाबायच्याच नाहीत. वरून लोखंडाची कांडी फिरवायची."

"बोटांनी दाबायचं नाही?"

"नाही."

"अजिबात नाही?"

रेडिओवाल्यानं तिच्याकडे नीट पाहिलं, आणि मग वायरीला डाग द्यायच्या कामात डोकं घातलं. "कांडी धरता आली की झालं," एवढंच म्हणाला.

मग ताईला प्रश्नांनी पछाडलं. तारांखाली बसवलेल्या चुंबकाला तार हलल्याचं कळतं कसं? रेडिओवाल्यानं सांगितलं की लोखंडी तार चुंबकावर थरथरली की भोवती गुंडाळलेल्या तांब्याच्या तारेत तो थरथराट उतरतो. "किती गुंडाळायची?" "सहा हजार वेढे." केसाहून बारीक तार, सहा हजार वेढे. माणूस हातानं गुंडाळायला बसला असता तर वेडा झाला असता. ताई घरी आली आणि तिनं ती शिलाई मशीनच्या बॉबिन भरायच्या चाकावर चढवली. तीन वेळा तुटली. चौथ्यांदा तिनं श्वास धरून धरून भरली. रेडिओवाल्यानं मीटर लावून पाहिलं आणि म्हणाला, "चाळीस वर्षं मी हे काम करतोय, आणि तुमच्या मशीनला मात्र जन्मजात येतंय."

आकाराला तिनं शर्टाच्या मुंढ्याचा, बाही जोडतात तिथला, वळणदार फर्मा लावला. त्यामुळे फळीचे खांदे एखाद्या जुन्या गृहस्थाच्या कोटासारखे उतरते आले. बंद पडलेल्या रेडिओची दोन बटणं बसली, त्याच रेडिओचं सोनेरी धाग्याचं कापड तिनं पुढच्या भागावर डकवलं. मोडीत काढलेल्या पायमशीनच्या जाड सळईतून बोटभर लांबीची कांडी कापून आणली आणि आरशासारखी घासली.

"शिंप्याच्या दुकानात शोभेला गिटार," रेडिओवाला तारा चढवायला आला तेव्हा म्हणाला. "उद्या गिरणीवाला पियानो घेईल."

वहिनी हसली नाही. तेलाची वाटी घेऊन ती नवऱ्याशेजारी बसली, त्याची मूठ मांडीवर घेतली आणि एकेक बोट चोळू लागली. ते पाहून ताईनं कांडी पुन्हा पुसायला घेतली. ही वस्तू शोभेची नाही हे वहिनीला कळलं, तर त्याचा अर्थ तिला एकच लागणार होता, की नणंदेनं आशा सोडली.

रेडिओवाल्यानं आवाज मोठा करणारा डबा जोडला, तार छेडली. खोलीभर मोठा, गोड आवाज पसरला. फळीवर सुरांच्या जागा दाखवणाऱ्या रेषा आखलेल्या होत्या; ताईनं कांडी बाराव्या रेषेवर ठेवली. तिथे तोच सूर वरच्या सप्तकात मिळायला हवा, असं कॅटलॉगात होतं. छेडली. मग पुन्हा छेडली.

"उतरलाय," भाऊ पेपरातून म्हणाला.

"रेषेवरच तर आहे."

"रेषा गेली खड्ड्यात. सूर उतरलाय."

ज्यावरून फळी आखली होती तो खाकी कागदाचा नमुना ताईनं काढून फळीवर लावला. रेषा बरोबर होत्या. पण खालची पट्टी, जिच्यावर तारा टेकतात, ती नमुन्याच्या कडेपासून अर्धा इंच बाहेर होती. कोणत्याही कागदाच्या कडेबाहेर अर्धा इंच शिलाईसाठी सोडायचा, हे तिच्या हातानं तिला न विचारताच केलं होतं. तारा लांब झाल्या आणि सगळ्या रेषा खोट्या पडल्या.

"बाई, लाकडाला कुठे टीप मारायची असते?" रेडिओवाला म्हणाला.

ताई पुन्हा पुन्हा छेडत राहिली, थोडं इकडे, थोडं तिकडे. प्रत्येक वेळी सूर चुकला की भावाचा चेहरा दातात खडा आल्यासारखा व्हायचा. पाचव्यांदा त्यानं पेपर फेकला. "आण इकडे. कानाची वाट लावलीस."

फळी मांडीवर आली. त्यानं उजव्या हातानं कांडी उचलली आणि डाव्या मुठीच्या मिटलेल्या बोटांत सारली. बोटांनी ती घट्ट धरली. धरणं एवढंच तर त्यांना येत होतं. कोपरातून हात सरकवत त्यानं कांडी बाराव्या रेषेच्या पाव इंच पुढे नेली. सूर तिथे चोख बसला. मग तो रेषांकडे न बघता खाली आला, वर गेला, मध्येच थांबून कांडी हलकेच थरथरवली.

"ताई, रेषा पुसून पुन्हा आखत बसू नकोस," तो म्हणाला. "मला त्या लागत नाहीत."

वहिनीच्या हातात तेलाची वाटी तशीच होती. ती घाईघाईनं म्हणाली, "छानच आहे. आत्तापुरतं बरंय. बोटं सुटली की मग तुमची नेहमीची..."

"अगं, बोटं सुटणार नाहीत आता," तो म्हणाला. "मला कधीचं ठाऊक आहे. ताईलाही ठाऊक आहे. आणि तुला तर रोजच, ती चोळताना, कळत असणार."